मदत हवी आहे: हरणासाठी लिव्हर अ‍ॅक्शनला कुठली काडतुसं?

सस्क्वेहानाकर
पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सीझन उघडतोय आणि माझी लिव्हर अ‍ॅक्शन रायफल (ट्रिगरखालचा दांडा फिरवून भरायची) एका जागी मारायला तयार नाही. दुकानदाराने दिलेली १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीचं वजन) काडतुसं आहेत. १०० यार्डांवर कागदाचा नुसता शिमगा झालाय. सगळ्यात अचूक काडतूस कुठलं? ब्रँड आणि ग्रेन सांगा, उद्या ऑर्डर टाकतो. चौकश्या नकोत, वेळ नाही.

दुर्बीण
ताकाला आलात तर भांडं कशाला लपवताय? कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप? रायफल कुठली? स्कोप की लोखंडी साइट? किती इंचांचा शिमगा?

सस्क्वेहानाकर
लिव्हर अ‍ॅक्शन म्हणजे थर्टी-थर्टीच ना, दुसरं काय असणार? पाच इंच.

दुर्बीण
दुसरं काय? ४५-७०, ३५ रेमिंग्टन, ४४ मॅग्नम. ब्राउनिंगची बीएलआर तर ३०८ मध्येही येते आणि तिला बॉक्स मॅगझिन (काडतुसं एकावर एक ठेवायची पेटी) असतं, त्यात टोकदार गोळी चालते. तुमच्या नळीच्या मॅगझिनमध्ये अजिबात नाही. एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडाच्या ठिणगीच्या टोपीला) टेकून बसतं, धक्क्याने प्रायमर पेटला तर नळी हातात फुटते. म्हणून चपट्या किंवा गोल नाकाचीच गोळी घ्या. हे ठाऊक नसताना 'अचूक' म्हणून भलतंच मागवाल, म्हणून विचारलं.

पेटीबंद
एवढी चर्चा कशाला? हॉर्नडी लेव्हरएव्होल्यूशन, १६० ग्रेन. टोकाला मऊ पॉलिमर असल्यामुळे टोकदार असूनही नळीत सुरक्षित. डब्यावर २,४०० फूट प्रतिसेकंद लिहिलंय. १०० ला ३ इंच वर बसवली की २०० ला नेमकी. विषय संपला.

जुनी_नळी
विषय संपत नाही हो. तो आकडा २४ इंची चाचणी-बॅरलचा. २० इंची कार्बाइनमध्ये साधारण १०० फूट कमीच धरा. आणि ही गोळी सगळ्याच रायफलींना मानवत नाही, काहींत ती साध्या काडतुसापेक्षा जास्त पसरते. पूर्व किनाऱ्यावरच्या झाडीत बहुतेक हरणं १०० यार्डांच्या आतच दिसतात, तिथे १७० ग्रेनची चपटी गोळी पुरेशी आहे. २,२०० फूट वेग, गोळीचं कवच जाड, आरपार जाते, रक्ताचा माग सापडतो.

पेटीबंद
१८९५ सालचं काडतूस म्हणून १८९५ सालचीच गोळी वापरायची का?

व्हिसावाला_काका
एक महत्त्वाचं राहिलं. एच-वन किंवा दुसऱ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूकच काय, काडतुसं बाळगायलाही संघीय कायद्याने बंदी आहे. अपवादांपैकी एक म्हणजे वैध शिकारी परवाना. तो हातात येईपर्यंत डबाही विकत घेऊ नका.

सस्क्वेहानाकर
काका, ग्रीन कार्ड आहे. परवाना आहे. प्रश्न गोळीचा आहे.

दुर्बीण
आता तरी रायफलीचं नाव सांगा. पाच इंच म्हणजे आडवा पसारा की उभा? किती गोळ्या, किती वेळात?

सस्क्वेहानाकर
मार्लिन ३३६, बॅरलवर जेएम ठसा (जुन्या मार्लिन कारखान्याचा), ३-९ स्कोप. पाच-पाच गोळ्या लागोपाठ. पसारा उभा, एकावर एक चढत जातात. आडवा दोनच इंच.

दुर्बीण
ही माहिती पहिल्या पोस्टमध्ये असती तर कालच उत्तर मिळालं असतं. गोळ्या चढत जातात तेव्हा काडतुसाच्या आधी उष्णतेवर संशय घ्यावा. लिव्हर अ‍ॅक्शनचं बॅरल मोकळं नसतं. बँड (बॅरलभोवतीचं कडं), मॅगझिनची नळी आणि पुढचं लाकूड तिन्ही त्याला चिकटून असतात. बॅरल तापून लांबतं, नळी थंडच राहते, मग ताण बदलतो आणि नेम सरकतो. क्रमाने हे करून बघा:

पुढच्या लाकडाचे, बँडचे आणि मॅगझिन नळीच्या टोकाचे स्क्रू तपासा. ढिले नकोत, पण आवळून लाकूड बॅरलवर दाबूही नका. स्कोपच्या रिंगांचे स्क्रू १५ ते २० इंच-पौंड. वाळूची पिशवी रिसीव्हरच्या अगदी पुढे, लाकडाखाली ठेवा. बॅरल किंवा नळी पिशवीवर टेकली की गोळी वर जाते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी जाते. तीन गोळ्या मारा, मग बॅरल हाताला गार लागेपर्यंत थांबा. हरणावर पहिली गोळी थंड बॅरलमधूनच सुटणार आहे, पाचवी कुठे लागली याला जंगलात किंमत नाही. आदल्या दिवशी बॅरल साफ करून तेल लावलं असेल तर पहिली गोळी हिशेबात धरू नका.

एवढं झालं की मगच काडतुसं बदला. नाहीतर नाचता येईना अंगण वाकडं.

वाटीभर_रस्सा
हरणाच्या मटणाला चरबी जवळपास नसते, त्यामुळे बोकडाच्या मापाने मसाला घातलात तर कोरडं होतं. दह्यात रात्रभर, आणि खोबरं जास्त. शिट्ट्या मोजून करू नका, मंद आचेवरच.

सह्याद्री_७२
भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि आपली माणसं तिकडे जाऊन हरणं मारतात. मुक्या जनावराने काय बिघडवलंय?

जुनी_नळी
तिकडे व्हाइटटेल हरणांची संख्या परवान्यांच्या संख्येवरच आटोक्यात ठेवतात. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

शिसेमुक्त
मटणाचा विषय निघालाच आहे तर शिशाची गोळी फुटून तिचे बारीक कण मांसात पसरतात, लहान मुलं खाणार असतील तर तांब्याची घ्या. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद. हॉर्नडीची १४० ग्रेन मोनोफ्लेक्स थर्टी-थर्टीत येते.

जुनी_नळी
पेनसिल्व्हेनियात तशी सक्ती नाही. पण ती घेणार असाल तर आधीची गोळी आणि ही एकाच बसणीत तोलू नका. बॅरलमधला जुन्या गोळीचा थर बदलायला काही गोळ्या जातात. अंगावर फ्लोरोसंट नारिंगी किमान २५० चौरस इंच, तेही विसरू नका.

घरचा_दारूगोळा
विकतचं सोडा. डाय (काडतुसं भरायचे साचे) आणा आणि स्वतः भरा. पुंगळीची लांबी २.०३९ इंचांच्या आत छाटायची, पूर्ण काडतूस २.५५० च्या आत, आणि क्रिम्प (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणं) गोळीच्या खाचेतच. क्रिम्प कमी पडला तर नळीतल्या स्प्रिंगच्या दाबाने गोळी पुंगळीत मागे सरकते आणि दाब वाढतो. ओतीव शिशाच्या गोळ्यांनाही मार्लिन चालते. तिच्या बॅरलमध्ये माइक्रो-ग्रूव्हच्या १२ उथळ खाचा असल्या तरी गोळी कठीण आणि ०.३१० इंचाची असली की झालं.

दुर्बीण
सीझन तोंडावर आलाय, ते बिचारे आता काडतुसं भरायचं प्रेस बसवणार का?

सस्क्वेहानाकर
पिशवी मागे घेतली, बॅरल गार होऊ दिलं. त्याच १५० ग्रेनच्या काडतुसाने पसारा अडीच इंचांवर आला. १७० ग्रेनचा डबा आणला, दोनच्या आत. पण सगळ्या दीड इंच खाली लागतायत. स्कोपवर 'पाव मिनिट' लिहिलंय. किती क्लिक?

दुर्बीण
१०० यार्डांवर एक क्लिक म्हणजे जवळपास पाव इंच. तुम्हाला १०० ला दोन इंच वर हवंय, म्हणजे खालचे दीड आणि वरचे दोन मिळून साडेतीन. १४ क्लिक 'अप'. मग १५० ला साधारण नेमकं आणि २०० ला सुमारे चार इंच खाली. व्हाइटटेलचं काळीज-फुफ्फुस आठेक इंचांच्या वर्तुळात मावतं, तेव्हा दोन इंचांचा पसारा भरपूर झाला. क्लिक फिरवल्यावर दोन गोळ्या मारून स्कोप स्थिरावू द्या आणि मग तीन मोजा. त्याच लॉट नंबरचे आणखी दोन डबे आजच घ्या, डब्याच्या कडेला तो छापलेला असतो.

व्हिसावाला_काका
आणि रेंजवर नेलेली बॅग डिसेंबरात मुंबईला नेऊ नका. कप्प्यात एक काडतूस राहिलं तरी विमानतळावर आर्म्स अ‍ॅक्टची भानगड.

पेटीबंद
तरी एक डबा लेव्हरएव्होल्यूशनचा मारून बघाच.

सस्क्वेहानाकर
दुकानात शिल्लक नाही.