मर्चंट नेव्ही : स्पॉन्सरशिपबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भाचा नाशिकला सिडकोत राहतो, यंदा बारावी सायन्स. त्याला डेक कॅडेट (जहाज चालवणाऱ्या विभागातला शिकाऊ अधिकारी) व्हायचंच आहे. आमच्या घरात कोणी जहाजावर गेलेलं नाही, त्यामुळे विचारायला माणूस नाही.

एवढं समजलंय: आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी) सीईटी द्यावी लागते, पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ६० टक्के हवेत. मग एक वर्षाचा डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स) आणि जहाजावर १८ महिने ट्रेनिंग, किंवा तीन वर्षांचं बीएस्सी नॉटिकल सायन्स. डीएनएसला आधी शिपिंग कंपनीची स्पॉन्सरशिप, म्हणजे ट्रेनिंगला आमच्या जहाजावर घेऊ असं पत्र, लागते, आणि आमचं घोडं तिथेच अडलंय. इथला एक एजंट म्हणतो, सीईटीची काळजी नको, स्पॉन्सरशिप मी आणतो, निम्मे पैसे आधी द्या. पावती मागितली तर विषय बदलतो. दाजी अंबडला कंपनीत कामाला आहेत, प्लॉट विकायच्या गोष्टी करतायत. मला हे अजिबात पटत नाही. कोर्स संपल्यावर जहाजच मिळालं नाही तर पोराने काय करायचं?

तुमच्यापैकी कोणी कॅडेट म्हणून गेलं असेल तर कृपया सांगा, कंपन्यांकडे थेट अर्ज कसा आणि कधी करायचा? स्पॉन्सरशिपचं पत्र खरं आहे हे कसं तपासायचं? स्पॉन्सरशिप नाहीच मिळाली तर बीएस्सी बरं का?

आणखी एक, त्याला चष्मा नाही, पण डेकला रंगांधळेपणा चालत नाही. डीजी शिपिंगची (केंद्र सरकारचं जहाज वाहतुकीचं खातं) मान्यता असलेल्या डॉक्टरकडे मेडिकल आधीच करून घ्यावी ना? नाशिकमध्ये असे डॉक्टर आहेत की मुंबईलाच जावं लागेल?