'मॅस्करेड'ला मराठी शब्द हवा आहे (तातडीने)

चैत्रपालवी
एका कथेचा अनुवाद करते आहे आणि 'मॅस्करेड' या शब्दापाशी तीन दिवस अडले आहे. छद्मवेश, बतावणी, ढोंग, मुखवट्यांचा नाच, काहीच बसत नाही. शुक्रवारी संपादकांना मजकूर द्यायचाय. एकच चांगला शब्द सुचवा. शब्दकोश बघा म्हणू नका, सगळे बघून झालेत.

शब्दवेडा
वाक्य द्या की. नाम आहे की क्रियापद? क्रियापद असेल तर तोतयेगिरी. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेत जो उभा राहिला, ज्याला 1776 साली पुण्यात देहदंड झाला, त्याला आपण तोतयाच म्हणतो. दुसऱ्याच्या नावावर वावरणं या अर्थाला याहून नेमका शब्द नाही.

चैत्रपालवी
नाम आहे हो. तोतया नको.

रागदारी
नाम म्हणजे मुखवटे घालून नाचायची मेजवानी. 'मुखवट्यांचा जलसा' म्हणा, मी माझ्या लेखात तेच वापरलं होतं. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याच्यावर 16 मार्च 1792 ला स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात अशाच जलशात गोळी झाडली. मुखवटा होता, पण छातीवरच्या राजचिन्हामुळे तो ओळखू आला. तेरा दिवसांनी गेला. व्हर्दीचा 1859 चा ऑपेरा याच घटनेवर आहे, जरूर ऐका.

टर्मिनल
आयपीटेबल्सबद्दल (लिनक्समधली फायरवॉल) असेल तर भाषांतर करूच नका. नॅट टेबलच्या पोस्टरूटिंग साखळीत लावायचा नियम आहे तो. घरातल्या सगळ्या मशीनचे पत्ते झाकून बाहेर राउटरचा एकच पत्ता दिसतो. बाहेरचा पत्ता बदलता असेल तर मॅस्करेड, कायमचा असेल तर एसनॅट. लोक सरसकट मॅस्करेड लावतात, ते चूक.

चैत्रपालवी
कथा आहे, राउटर नाही. वाक्याचा अर्थ असा: बाजाराच्या दिवशी मॅस्करेड छडी घेऊन पोरांच्या मागे लागतो आणि बायका दारं लावून घेतात. जलसा पोरांच्या मागे कसा लागेल?

शब्दवेडा
मूळ कथा कुठली? हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं.

चैत्रपालवी
नायजेरियाची, इग्बो गावातली. मागच्या धाग्यात लिहिलं होतं म्हणून परत सांगितलं नाही.

सातासमुद्रापार
मग वरचं बहुतेक सगळं बाजूला ठेवा. मी चार वर्षं एनुगूला होतो. तिथल्या इंग्रजीत मॅस्करेड म्हणजे मेजवानी नाही आणि नाचही नाही, मुखवटा चढवून जो समोर उभा असतो तोच मॅस्करेड. इग्बोत 'म्मान्वू', तिथल्याच योरुबा लोकांकडे 'एगुनगुन'. आत कोण आहे हे बोलायचंच नाही, कारण आलेला माणूस नसून पूर्वजांचा आत्मा आहे अशी श्रद्धा. आवाज बदललेला, अंगाचा तसूभर भाग दिसत नाही. सर्वांसमोर त्याचा मुखवटा उतरवणं हा फार मोठा अपराध. लहान म्मान्वू खरंच छड्या घेऊन पोरांना पिटाळतात. आमच्या गल्लीत ढोल ऐकू आला की शेजारची मुलं आमच्या व्हरांड्यात घुसायची आणि जाळीच्या दारातून बघत राहायची, हसतही असायची आणि कापतही.
'इजेले' मात्र वेगळा, सुमारे चार मीटर उंच. युनेस्कोच्या 2009 च्या नोंदीप्रमाणे त्याच्या तयारीला शंभर माणसं सहा महिने राबतात.
माझं मत: 'म्मान्वू' तसाच ठेवा, खाली टीप द्या.

मी_मोखाड्याचा
टीप कशाला? शब्द आपल्याकडे आहे. सोंग.
आमच्याकडे चैत्र-वैशाखात बोहाडा असतो, मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवायचा उत्सव. जव्हार-मोखाड्याकडचे लोक ओळखतील. संबळ वाजतो, टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग येतं. गणपतीचं सोंग, सारजेचं म्हणजे सरस्वतीचं सोंग. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. नरसिंहाचं आमच्या काकाकडे होतं. दुपारी त्याच्यासोबत जेवलेलो असायचो, तरी रात्री ते सोंग आलं की मी आजीच्या पदरामागे. आजी काकाच्या पाया पडत नव्हती, सोंगाच्या पाया पडत होती. 'काका आला' असं कोणीही म्हणायचं नाही.

शब्दवेडा
बोहाड्यापुरतं ठीक. पुण्यातल्या वाचकाला सोंग म्हणजे ढोंगच. झोपेचं सोंग. पैशाचं सोंग आणता येत नाही. पूर्वजांच्या आत्म्याला ढोंगी ठरवाल तुम्ही.

मी_मोखाड्याचा
इंग्रजीतही तोच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो ना? तिथला वाचक संदर्भावरून समजतो, मग मराठी वाचकाला कमी का लेखता?

रागदारी
जाता जाता, इटालियन 'मास्केरा' (मुखवटा) अरबी 'मस्खरा'वरून (विदूषक) आला असं एक मत आहे. दुसरं मत मध्ययुगीन लॅटिन 'मास्का'चं. आपली मस्करी त्याच 'मस्खरा'ची. म्हणजे मस्करी आणि मॅस्करेड सख्ख्या बहिणी असू शकतात!

शब्दवेडा
'असू शकतात' एवढंच. आणि त्याने शुक्रवारचा प्रश्न सुटत नाही.

सातासमुद्रापार
@मी_मोखाड्याचा, पटलं. आजीचं वाचून माझा टीपेचा हट्ट सोडतो. फक्त पहिल्यांदा 'म्मान्वूचं सोंग' असं येऊ दे, पुढे नुसतं सोंग.

चैत्रपालवी
लिहून पाहिलं: "बाजाराच्या दिवशी म्मान्वूचं सोंग निघालं. हातात छडी. पोरं दिसली तसं ते त्यांच्या मागे लागलं, आणि आळीतल्या बायकांनी धडाधड दारं लावून घेतली."
तीन दिवस 'तो धावला' की 'ती धावली' यात अडकले होते. सोंग म्हटल्यावर 'ते' आलं आणि आत पुरुष आहे हे सांगावंच लागलं नाही. पुढच्या पानावर आई मुलाला दटावते, आत कोण आहे विचारायचं नाही म्हणून. तिथेही 'ते'च ठेवते. @मी_मोखाड्याचा, अंगावरच्या पूर्ण झाकणाऱ्या कपड्याला तुमच्याकडे काय म्हणतात? तिसऱ्या परिच्छेदात तो आहे.