आवाजाची भिंत पडली, मग प्रकाशाची का नाही?

उंबरठा: १९४७ मध्ये चक येगरने विमानातून आवाजाचा वेग ओलांडला. ते जमणारच नाही म्हणणारे तेव्हाही होतेच. मग प्रकाशाचा वेग ओलांडण्याच्या बाबतीत 'कधीच नाही' इतकं ठासून कसं काय सांगतात? मला हा अहंकार वाटतो.

तिरसट: तुलनाच गंडलीय. बंदुकीची गोळी येगरच्या कितीतरी आधीपासून आवाजाच्या पुढे पळत होती. अडत होतं ते विमान, निसर्ग नव्हे. इथे सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या यंत्रात प्रोटॉनला (अणुगर्भातल्या कणाला) कितीही रेटा, त्याची ऊर्जा हजारो पट वाढते, पण वेग प्रकाशापेक्षा सेकंदाला सुमारे ३ मीटरने कमीच राहतो. दिलेली ऊर्जा जाते कुठे, याचा विचार करा.

उंबरठा: आणि २०११ चे न्यूट्रिनो, म्हणजे ते जवळजवळ वजनच नसलेले कण? सर्नहून निघून ७३० किमीवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेला प्रकाशाच्या ६० नॅनोसेकंद आधी पोचले. शास्त्रज्ञांनीच जाहीर केलं होतं, मी नाही.

तिरसट: वेळ मोजणाऱ्या यंत्रणेची फायबर केबल नीट बसली नव्हती, म्हणून वेळच चुकीची मोजली गेली! आमच्या केबलवाल्याचा आजार.

पिठलंभाकर: केबल सापडायच्या आधीच शंका घ्यायला जागा होती हो. १९८७ मध्ये मोठ्या मॅजेलॅनिक मेघात, म्हणजे शेजारच्या दीर्घिकेत, तारा फुटला, अंतर साधारण १,६८,००० प्रकाशवर्षं. न्यूट्रिनो खरंच तेवढे वेगवान असते, तर चारेक वर्षं आधी यायला हवे होते. आले काही तास आधी. तेही वेगामुळे नाही. ते ताऱ्याच्या पोटातून लगेच निसटतात, प्रकाश मात्र स्फोटाचा धक्का पृष्ठभागावर पोचेपर्यंत आत अडकतो. (जाहीर करणाऱ्यांनी 'आमची चूक शोधा' असंच म्हटलं होतं, त्यांना उगाच हसू नका.)

उंबरठा: बरं, केबलचं मान्य. पण अल्कुबिएरे या भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये गणित मांडलंय की यान न पळवता भोवतालचं अवकाशच आकुंचन-प्रसरण पावलं तर जमतं. ते आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून आलंय.

तिरसट: त्याला ऋण ऊर्जा (शून्याहूनही कमी ऊर्जा) लागते, तीही अफाट. शिवाय प्रकाशाला मागे टाकलंत, की कुणा ना कुणा निरीक्षकाला तुम्ही निघण्याआधीच पोचलेले दिसता. तो गुंता आधी सोडवा.

उंबरठा: म्हणजे समीकरण 'नाही' म्हणत नाही, तुम्ही म्हणताय.

पिठलंभाकर: समीकरण उधारीवरही 'हो' म्हणतं. किराणा कोण भरणार?