वॉरंटीतल्या गाडीची सर्व्हिस ओळखीच्या मेकॅनिककडे केली तर वॉरंटी जाते का?

किनारपट्टी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या पेट्रोलवर चालणाऱ्या लहान गाडीला दोन वर्षे होत आली आहेत. तिची वॉरंटी ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत आहे. पहिल्या तिन्ही मोफत सर्व्हिस आम्ही कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये वेळेवर करून घेतल्या. आता २०,००० किलोमीटरची, म्हणजे पहिली पैसे भरून करायची सर्व्हिस जवळ आली आहे. ते वर्कशॉप आमच्या गावापासून ७० किलोमीटरवर आहे. सकाळी गाडी दिली की संध्याकाळपर्यंत तिथेच ताटकळावे लागते आणि त्यात घरातल्या एकाची रजा जाते. गाडी आत गेल्यावर तिचे काय केले हे आपल्याला दिसत नाही; शेवटी बिलाची छापील यादी तेवढी हातात येते.

तालुक्याच्या गावी आमची आधीची गाडी वर्षानुवर्षे सांभाळणारे एक मेकॅनिक आहेत. ते गाडी वर घेऊन काय झिजले आहे ते समोर दाखवतात, काढलेला जुना भाग हातात देतात आणि गरज नसलेले काम कधी सुचवत नाहीत. त्यांच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. परंतु वर्कशॉपमध्ये फोनवर चौकशी केली असता, बाहेर एकदा जरी हात लागला तरी संपूर्ण वॉरंटी रद्द होईल, असे सांगण्यात आले. हे लेखी द्याल का, असे विचारल्यावर मात्र "नियमच आहे तो" एवढेच उत्तर मिळाले.

हा नियम खरोखर आहे का, आणि असल्यास तो सरसकट लागू होतो का? बाहेर सर्व्हिस करायचीच झाली, तर कोणती काळजी घ्यावी? ज्यांना या कामाची प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ग्राहकहक्क

फोनवर आपल्याला जे सांगितले गेले ते जसेच्या तसे टिकणारे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश देऊन त्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मारुती सुझुकी, टाटा, महिंद्र, होंडा, टोयोटा अशी आपल्या रस्त्यांवर रोज दिसणारी बहुतेक नावे त्यात होती. मूळ तक्रार तीन कंपन्यांपुरती होती, पण चौकशीत तीच पद्धत इतरांकडेही आढळल्याने तिची व्याप्ती वाढवण्यात आली. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे आणि त्यामुळे गाडी एकदा घेतली की मालकाला दुरुस्तीसाठी त्याच साखळीत अडकवून ठेवणे, हे त्या प्रकरणाचे मूळ होते.

आपल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेला भाग आयोगाने दिलेल्या निर्देशांत आहे. गाडीचे काम स्वतंत्र गॅरेजमध्ये करून घेतले एवढ्याच कारणावरून वॉरंटी रद्द होईल, अशी सरसकट अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाले असेल तर त्या नुकसानीपुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असे आयोगाने म्हटले आहे. म्हणजे आपल्या मेकॅनिकने ऑइल बदलले आणि नंतर काच वरखाली करणारी मोटर बंद पडली, तर त्या दोन गोष्टींचा संबंध काय, हे नकार देणाऱ्याला सांगता आले पाहिजे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले. तीन कंपन्यांच्या अपिलात २०१६ साली अपिलीय न्यायाधिकरणाने आयोगाचे मूळ निष्कर्ष कायम ठेवले, पण दंड कमी केला. इतर कंपन्यांची लढाई उच्च न्यायालयात गेली. त्यामुळे या आदेशाची प्रत दाखवून काउंटरवरच्या कर्मचाऱ्याशी वाद घालण्यात हशील नाही, कारण निर्णय त्याच्या हातात नसतो. कंपनीच्या ग्राहकसेवा विभागाला ईमेल करावा, वॉरंटी पुस्तिकेतील नेमक्या कोणत्या कलमानुसार वॉरंटी रद्द होते ते विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. फोनवर ठामपणे सांगितलेली गोष्ट लेखी द्यायची वेळ आली की भाषा बरीच मवाळ होते.

नकार मिळालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५ ते १० लाखांच्या दरम्यान असेल तर तिथले शुल्क २०० रुपये आहे आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी जे संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारगाड्यांचाही समावेश आहे. आपल्या कंपनीने तिथे काय माहिती दिली आहे ते अवश्य पाहावे.

तेराचौदाचा पाना

माझे पुण्यात स्वतःचे गॅरेज आहे. वॉरंटीतल्या गाड्या माझ्याकडे येतात, आणि त्यांतल्या काहींना मी परतही पाठवतो. त्यामुळे कायद्याचे बाजूला ठेवून कामाचे सांगतो.

२०,००० च्या सर्व्हिसला करायचे काय असते, ते मालकाच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात छापलेले असते आणि तो तक्ता हाच खरा आधार मानावा. साधारणपणे इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर बदलणे, एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर पाहणे, चाके उतरवून ब्रेकचे पुढचे पॅड आणि मागचे लायनर तपासणे, कुलंटची पातळी बघणे आणि टायरची अदलाबदल करणे एवढे ते काम असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून बऱ्याच गाड्यांत ते दोन वर्षांनी बदलायला सांगितलेले असते. आपल्या गाडीला दोन वर्षे होत आली आहेत, तेव्हा तेही तक्त्यात पाहावे. यातले काहीही असे नाही की जे हात बसलेल्या मेकॅनिकला जमू नये.

बिघडते ते ऑइलच्या निवडीत. अलीकडच्या अनेक पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असे पातळ ऑइल लागते. व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा या ऑइलच्या दाबावर चालते आणि त्याच्या वाटाही अरुंद असतात. पिंपातले सुटे, जाड २०डब्ल्यू-४० ऑइल सगळ्याच गाड्यांत ओतायची सवय अजून पुष्कळ गॅरेजांत आहे. जुन्या इंजिनांत ते खपून गेले, नव्यांत खपणार नाही. पुस्तिकेत दिलेला ग्रेड (म्हणजे वरचे जाडी-पातळपणाचे आकडे) आणि एपीआयचे, म्हणजे ऑइलच्या दर्जाचे, मानक दोन्ही जुळले पाहिजेत, आणि डबा सीलबंदच आणावा.

दुसरी बाब अगदी बारीक आहे. ऑइल काढायच्या प्लगखाली एक वॉशर असतो. त्याची किंमत काही रुपये, पण तो प्रत्येक वेळी नवा घालावा लागतो. जुनाच ठेवला तर थेंब झिरपतो, मग तो थांबवण्यासाठी कोणीतरी प्लग जोर लावून आवळतो आणि ॲल्युमिनियमच्या ऑइल चेंबरचे आटे जातात. अशा गाडीत ऑइल कमी होऊन इंजिनाला इजा झाली आणि कंपनीने वॉरंटी नाकारली, तर मी कंपनीच्या बाजूने बोलेन. आपले मेकॅनिक नवा वॉशर घालतात का आणि प्लग टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळतात का, एवढे विचारा. या प्रश्नाचा राग न येणारा माणूस चांगला मेकॅनिक असतो, असा माझा अनुभव आहे.

वॉरंटीत असताना वायरिंग, एअरबॅग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि काचेवरच्या कॅमेऱ्याशी निगडित काहीही मी उघडत नाही. चेक लाइट लागून कोणी आले तर स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड पाहतो, त्याचा फोटो काढून देतो आणि गाडी कंपनीकडे पाठवतो. कोड मी पुसत नाही, कारण बिघाड झाला त्या क्षणाची नोंद त्याच्याबरोबर पुसली जाते आणि दाव्याच्या वेळी मालकाला तीच उपयोगी पडणारी असते. जादा हॉर्न, दिवे किंवा म्युझिक सिस्टिम बसवताना वायरला कट मारू देऊ नका. कपलरने (वायर न कापता जोडणाऱ्या तयार जोडाने) जोडता येत नसेल तर ते काम वॉरंटी संपेपर्यंत थांबवा. माझ्या पाहण्यात वॉरंटीवरून सर्वाधिक वाद या कट मारलेल्या वायरींवरून झालेले आहेत, ऑइल बदलण्यावरून फार कमी.

माजी ॲडव्हायझर

मी अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. वरील दोन्ही प्रतिसादांतील माहिती योग्य आहे, तरीही माझा सल्ला थोडा वेगळा आहे.

दावा प्रत्यक्षात कसा ठरतो, ते समजून घ्या. लहानसहान भाग वर्कशॉपच्या पातळीवर बदलून दिले जातात. इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर मात्र फोटो, गाडीच्या संगणकातील नोंदी आणि सर्व्हिसचा इतिहास कंपनीच्या अभियंत्याकडे जातो आणि त्याच्या मंजुरीशिवाय काम पुढे सरकत नाही. तो अभियंता पहिला प्रश्न विचारतो तो ऑइल केव्हा आणि कोणते घातले हा. अधिकृत वर्कशॉपमधील नोंद त्याला एका क्षणात दिसते. बाहेरची नोंद आपल्याला कागदाने सिद्ध करावी लागते, आणि तोपर्यंत गाडी वर्कशॉपच्या आवारात उभी असते. कायदा आपल्या बाजूने असला तरी त्या काळात ये-जा करायची ती भाड्याच्या गाडीनेच. ही झळ किती सोसता येईल, याचा विचार ज्याचा त्याने करायचा आहे.

आणखी एक मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. वॉरंटी नुकतीच संपलेली असताना मोठा बिघाड झाला, तर कंपनी कधी कधी सद्भावनेने खर्चाचा काही हिस्सा उचलते. तो कोणाचाही हक्क नसतो, त्यामुळे इतिहासात खंड असलेल्या गाडीसाठी ती विनंती पुढे पाठवणेही ॲडव्हायझरला जड जाते. तसेच कंपनी एखादा भाग शांतपणे बदलून देत असते किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत करत असते, ते गाडी वर्कशॉपमध्ये आली तरच होते. जाहीर रिकॉलची, म्हणजे दोष आढळल्याने कंपनीने गाड्या परत बोलावण्याची, गोष्ट निराळी. सर्व्हिस कुठेही केलेली असली तरी ते काम मोफतच होते, आणि आपला चॅसी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून ते तपासता येते.

म्हणून वॉरंटीच्या उरलेल्या काळातली वार्षिक सर्व्हिस वर्कशॉपमध्येच करावी, पण बिलावर लक्ष ठेवून. जॉब कार्डवर (करायच्या कामांच्या यादीवर) सही करण्याआधी इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, उंदीर प्रतिबंधक फवारणी अशा ओळी आल्या आहेत का ते पाहावे. वेळापत्रकात नसलेली ही कामे नाकारल्याने वॉरंटीला कसलाही धक्का लागत नाही. ॲडव्हायझरवर या कामांचे मासिक लक्ष्य असते, हे मी स्वतः त्या खुर्चीत बसलेला असल्यामुळे खात्रीने सांगू शकतो. सहीच्या वर आपल्या अक्षरात "केवळ कंपनीच्या वेळापत्रकातील कामे करावीत, इतर काहीही विचारल्याशिवाय करू नये" असे लिहावे. एवढ्या एका ओळीने बिलात पडणारा फरक पाहून आपल्याला बाहेर जाण्याची निकड कदाचित वाटणारही नाही.

ब्रेक पॅड, वायपर, क्लच प्लेट, बल्ब या झिजणाऱ्या भागांची कामे मात्र आपल्या मेकॅनिककडे निश्चिंतपणे करावीत, कारण नेहमीची झीज वॉरंटीत धरलीच जात नाही. टायर आणि बॅटरीची वॉरंटी तर त्या त्या उत्पादकाची असते.

किनारपट्टी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. कंपनीला ईमेल पाठवून कलम विचारले आहे. २०,००० ची सर्व्हिस वर्कशॉपमध्ये, जॉब कार्डवर ती ओळ लिहून करायची आणि मधल्या काळातली ब्रेकची व इतर किरकोळ कामे आमच्या मेकॅनिककडे करायची, असे घरात ठरले आहे. दोन शंका उरल्या आहेत. मेकॅनिकांकडे छापील बिलबुक नाही, तर त्यांचे साधे हाताने लिहिलेले बिल चालेल का? आणि विस्तारित वॉरंटी घ्यायची झाल्यास हीच व्यवस्था पुढे चालू ठेवता येईल का?

ग्राहकहक्क

हाताने लिहिलेल्या बिलाला काहीच किंमत नसते असे नाही, परंतु त्यावर तारीख, गाडीचा क्रमांक, किलोमीटरचा आकडा, घातलेल्या भागाचे नाव आणि सही-शिक्का हवा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे ऑइल, फिल्टर आणि पॅड स्वतः पक्क्या बिलावर विकत घ्यावेत आणि मेकॅनिकांकडून फक्त मजुरीची पावती घ्यावी. डब्यावरचा ग्रेड व बॅच क्रमांक आणि डॅशबोर्डवरचे किलोमीटर यांचा त्याच दिवशी फोटो काढून ठेवावा. वाद उद्भवला तर एकमेकांना जुळणारे हे तीन पुरावे नाकारणे कोणालाही अवघड जाईल.

माजी ॲडव्हायझर

विस्तारित वॉरंटी हा पैसे मोजून केलेला वेगळा करार असतो आणि त्याच्या अटी मूळ वॉरंटीपेक्षा कडक असतात. बहुतेक योजनांत प्रत्येक सर्व्हिस ठरलेल्या किलोमीटरच्या किंवा महिन्यांच्या मर्यादेत अधिकृत वर्कशॉपमध्ये झाल्याची नोंद मागतात, आणि काही हजार किलोमीटर उशीर झाला तरी त्यावर बोट ठेवतात. त्यामुळे ती घ्यायची असेल तर वार्षिक सर्व्हिससाठी ७० किलोमीटरचा हा फेरा आणखी काही वर्षे चालू राहील हे धरूनच घ्यावी. तो नको असेल तर ते पैसे वाचवून आपल्या मेकॅनिककडे वळावे. निर्णय तिसरे वर्ष संपण्यापूर्वी करावा लागेल, कारण मूळ वॉरंटी संपल्यावर ती सहसा विकत मिळत नाही. पैसे भरण्याआधी योजनेची संपूर्ण पुस्तिका मागून घ्यावी. विक्रेत्याच्या रंगीत पत्रकावर अपवादांची यादी नसते, ती पुस्तिकेत असते.