मदत हवी आहे : भरवशाचं कॉर्डलेस ड्रिल कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराचं काम काढलंय. खालच्या भिंती काळ्या दगडाच्या, माडी विटांची, चौकटी सागवानी, मागं नवीन स्लॅब. फळ्या, पडद्याचे रॉड, बिजागऱ्या अशी कामं वर्षभर चालणार, म्हणून चांगलं मशीन घ्यायचंय.

१२ व्होल्टचं हलकं असतं, लाकडाला आणि स्क्रू पिळायला पुरतं. पण विटांसाठी हॅमरवालं (फिरताना ठोकेही देणारं) १८ व्होल्टच बरं, असं माझं मत झालंय. ब्रशलेस मोटर असली तर कार्बन (मोटरमधले झिजणारे ब्रश) बदलायची कटकट नाही आणि चार्जही जास्त पुरतो. बॉश, मकिता, डिवॉल्ट यांपैकी कोण काय वापरतंय?

खरी काळजी बॅटरीची. चुलतभावानं ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त किटची बॅटरी वर्षाच्या आत बसली. तशी सुटी बॅटरी कुठंच मिळेना, दुसऱ्या कंपनीची बसत नाही. धडधाकट मशीन माळ्यावर पडून आहे! म्हणून कोल्हापुरात सुटी बॅटरी आणि सर्व्हिस कुणाची हमखास मिळते, ते आधी सांगा. उद्यमनगरात रोज मशीन हाताळणारी मंडळी इथं असतील, त्यांचा शब्द मला जास्त मोलाचा वाटतो.

दुकानात ३ एमएमचं बिट लावून फिरवून बघणारच आहे. टोक डुगडुगलं तर ते मशीन नको.

आणखी एक : काळ्या दगडाला आणि स्लॅबला एसडीएस रोटरी हॅमर (दगड-काँक्रीटसाठीचं जोरदार ठोक्यांचं ड्रिल) भाड्यानं आणावा, की १८ व्होल्टच्या हॅमर ड्रिलनं चार-दोन भोकं निभतील? ज्यांनी स्वतः पाडलीत त्यांनी जरूर लिहा.