खरकट्यावर बस चालते का? (आणि गायीची पोळी गेली कुठे?)

रामबागवाला
काल इथे एकाने लिहिलं, "इंदूरच्या देवगुराडियाचा कचऱ्यापासून गॅस काढायचा प्लांट म्हणजे फोटो काढायची जागा. खरकट्यावर कुठे बस चालते? घरी कंपोस्ट करा, विषय संपला." रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

प्लांटचं उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२२ ला झालं. रोजचा ५५० टन ओला कचरा आणि त्यातून १७,००० किलो बायो-सीएनजी, म्हणजे बस-गाड्यांत भरायचा गॅस. भागाकार करा, किलोमागे साधारण ३१ ग्रॅम. आमच्या घरचा रोजचा अर्धा किलो धरा. चहाचा चोथा, दुधीची सालं, काल तर नुसत्या मटारच्या शेंगा. त्याचे झाले पंधरा ग्रॅम. किलोत पंचवीस किलोमीटर जाणारी गाडी तेवढ्यात जाईल पावणेचारशे मीटर. हसा खुशाल. पण हेच खरकटं आधी तिथल्याच ढिगात सडायचं आणि मिथेन हवेत जायचा. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त तापवतो. आता तोच बंद टाकीत धरतात आणि जाळतात. यात फोटो कुठे आला?

गच्चीवरची काकू
"तो एक" म्हणजे मी, आणि मी बाई आहे. ५५० आणि १७,००० ही क्षमता झाली. रोज खरंच तेवढा निघतो, असं तुम्ही परस्पर धरून चाललात. शिवाय माझी सालं गल्लीतून देवगुराडियापर्यंत नेणाऱ्या गाडीचं डिझेल कोण मोजणार? माझ्या गच्चीत कंपोस्टचे दोन माठ आहेत. कढीपत्ता बघायला या, मग ग्रॅम सांगा.

रामबागवाला
क्षमतेचं मान्य. तेवढंच मान्य. माठात हवा खेळते, म्हणून ऊर्जा नुसती ऊब होऊन उडून जाते. बंद टाकीत गॅसही मिळतो आणि उरलेल्या गाळाचं खतही. आणि मंगल कार्यालयातलं चार पातेली उरलेलं वरण तुमच्या माठात जाईल का?

गच्चीवरची काकू
चार पातेली उरतात, हाच तर मुद्दा आहे. त्यावर तुमचा प्लांट जगतो.

छावणीचा भिया
दोघंही चुकताय. पोळी डब्यात जातेच का? आमच्या आजीची पहिली पोळी गायीची. पाटावरून उठून स्वतः दारात जाऊन द्यायची. शहरातून जनावरं हलवली, स्वच्छतेत नंबर आला, मिरवणूक निघाली. आता पोळी घेऊन हिंडा! पितृपक्षात मागच्या वर्षी मी स्कूटरवर पान घेऊन पाऊण तास फिरलोय. शेवटी बायपासच्या पलीकडे एक गाय सापडली, तीही पोट भरलेली. तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

लोकमान्यनगर
आणि तेव्हाच्या गायींच्या पोटात किती प्लास्टिक निघायचं, ते विसरलात? लोक पोळीसकट पिशवी टाकायचे. तुमची आजी पिशवी सोडून द्यायची वाटतं?

छावणीचा भिया
आजीवर जायचं काम नाही. आमच्याकडे पिशवी नव्हती, पितळी ताट होतं.

लोकमान्यनगर
बरं, ताटाला नमस्कार. पण सकाळी शेणात पाय पडल्यावर हेच पुण्यवान लोक महापालिकेला शिव्या द्यायचे.

छावणीचा भिया
शेण होतं म्हणून अंगण सारवलं जायचं. आता फरशी आणि फिनाइल. इंदूर सुधारलं!

निमाडी नातू
भांडणात पडतो. निमाडातल्या आजोळी गोबरगॅस होता, खादी ग्रामोद्योगच्या पद्धतीचा, वर लोखंडी पिंप तरंगायचं. गॅस भरला की पिंप वर, चहा झाला की खाली. आजोबा पिंपाची उंची बघून आजीला सांगायचे, "आज दोनच भाज्या." थंडीत गॅस निम्म्यावर यायचा, जिवाणूंनाही ऊब लागते. भिया, गाय म्हणजे चालता-फिरता डायजेस्टरच, कुजवून गॅस करणारी टाकी. म्हणून तर नवी टाकी सुरू करताना आधी शेण घालतात. आणि हे काल-परवाचं खूळ नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढत होते.

गच्चीवरची काकू
गोबरगॅसला मी कधी नावं ठेवली? घरचं घरात जिरतंय, तेच तर मी म्हणतेय.

टाकीचा सेक्रेटरी
घरचं घरात? ऐका. आमच्या सोसायटीने छोटी टाकी बसवली. चार महिने छान निळी ज्योत. गणपतीत महाप्रसाद झाला, अर्धं पिंप मसालेभात आणि उरलेलं श्रीखंड एकदम आत ढकललं. ढकलणारा मीच. तिसऱ्या दिवशी आंबूस वास, पाचव्या दिवशी शेगडी पेटेना. आम्ल करणारे जिवाणू सुसाट सुटले आणि मिथेनवाले बसले. चुन्याची निवळी, शेणाचा काला आणि पंधरा दिवस टाकीला उपास, तेव्हा कुठे ज्योत आली. तोपर्यंत वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी माझ्याशी बोलणं सोडलं, ते अजून धरलेलं नाही. मोठ्या प्लांटवर हे बघायला माणसं असतात. आमच्याकडे मी होतो.

गच्चीवरची काकू
मंगल कार्यालयं आणि चोइथराम मंडीची सडकी भाजी प्लांटला जावी. एवढं देते. माझी सालं देणार नाही.

रामबागवाला
मोठं मन हो तुमचं. मंडीच्या आवारात वीस टनांचा वेगळा प्लांट आहेच, तुमच्या परवानगीवाचून अडला नव्हता.

गच्चीवरची काकू
टोमणे आवरा. आणि एक विचारते. तुमच्या ओल्या डब्यात काल नारळाची शेंडी होती की नाही? तुमच्याच गल्लीतली मैत्रीण सांगत होती, गाडीवाल्याने डबा परत केला म्हणून.

रामबागवाला
शेंडी सौ.ने टाकली होती.

छावणीचा भिया
पहा! आणि माझ्या गायीचं काय?

लोकमान्यनगर
गोशाळेत जा रे बाबा, रविवारी. मी सोबत येतो, पण पोळ्या तू कर.

छावणीचा भिया
सातला. राजवाड्यासमोर. उशीर केलास तर पोहे तुझे.