मदत हवी आहे: ईएसआयचा (कामगार विम्याचा) बेकारी भत्ता, भावाचा क्लेम 'लेफ्ट सर्व्हिस' (नोकरी सोडली) म्हणून रिजेक्ट झालाय

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडा लांबलाय पण पूर्ण वाचा प्लीज, कारण अर्धवट सांगितलं की सगळे "पीएफ काढून घे" एवढंच म्हणतात आणि माझा प्रश्न पीएफचा नाहीये.

माझा धाकटा भाऊ चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टरकडून प्रेस शॉपला होता, जवळजवळ पावणेतीन वर्षं. ग्रॉस १६,८००. त्यातून दर महिन्याला ईएसआयचे १२६ रुपये कापले जायचे, पाऊण टक्का, आणि मालकाने सव्वातीन टक्के म्हणजे ५४६ भरायचे. भावाने सगळ्या पगाराच्या स्लिपा एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून ठेवल्यात, एकही महिना गहाळ नाही.

दिवाळीनंतर ऑर्डर कमी झाली म्हणून लाईन बंद केली आणि कॉन्ट्रॅक्टरच्या बारा पोरांना सेकंड शिफ्टला गेटवरच थांबवलं. सुपरवायझरने इंग्रजीत टाईप केलेला कागद पुढे केला, सही करा नाहीतर फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) अडकेल म्हणाला. बाराही जणांनी केली. भावाने त्याचा मोबाईलवर फोटो तेवढा काढला होता, घरी आल्यावर मी तो वाचला तर त्यात लिहिलेलं की घरगुती कारणामुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. बाराही जणांचं कारण तेच, फक्त नाव बदललेलं. एकाच दिवशी बारा घरांत घरगुती कारण कसं काय निघेल हो?

मग मला कोणीतरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेबद्दल सांगितलं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही महिन्याभरापूर्वी काही माहिती नव्हतं. ईएसआयचा पैसा कापला जाणाऱ्या माणसाची नोकरी गेली तर जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता मिळतो, आयुष्यात एकदाच. जुलै २०१८ ला सुरू झाली तेव्हा सरासरी रोजाच्या २५ टक्के मिळायचे आणि नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं, कोरोनात २०२० साली ते ५० टक्के केलं आणि थांबायचं ३० दिवसांवर आणलं. अट अशी की आधी किमान दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी, आणि एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च असे जे सहा महिन्यांचे टप्पे असतात त्यात नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या टप्प्यात ७८ दिवस भरलेले हवेत, शिवाय त्याआधीच्या तीनपैकी कुठल्याही एका टप्प्यात ७८. भावाचे प्रत्येक टप्प्यात सव्वाशेच्या वर आहेत.

हिशोब पण मी करून बघितला. चार टप्प्यांचा एकूण पगार भागिले ७३० म्हणजे रोजचे ५५२, त्याचे निम्मे २७६, नव्वद दिवसांचे साधारण २४,८५०. कोणाला ही रक्कम छोटी वाटेल पण आमचं चार महिन्यांचं खोलीभाडं आणि पुतणीची शाळेची फी त्यात निघते.

नेट कॅफेतून क्लेम भरला. कॅफेवाल्याने सांगितलं अॅफिडेव्हिट लागेल, स्टॅम्पपेपर आणा, नोटरी करा. ते सगळं केलं, त्यात बाराशे गेले. मग प्रिंट घेऊन ब्रँच ऑफिसला गेलो. तिथल्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे फिरवून दाखवली, शेवटच्या महिन्यासमोर हजर दिवस शून्य आणि कारण 'लेफ्ट सर्व्हिस'. म्हणाल्या, स्वतःहून सोडलेल्याला ही योजना नाही, मालकाने बदललं तर बघू. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. बारापैकी सात जणांचे क्लेम असेच परत आलेत, बाकीच्यांनी तर भरलेच नाहीत.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, हे कारण कसं दुरुस्त करून घ्यायचं. दोन, आमच्यातल्या तिघांचा अजून वेगळाच घोळ आहे, कॉन्ट्रॅक्टर बदलला तेव्हा नवीन विमा नंबर काढला, त्यामुळे दोन वर्षं भरतच नाहीत, आधीचे पैसे जुन्या नंबरवर पडून आहेत. त्याचं काय करायचं?

जो माणूस पैसे भरतो त्याचा हक्क मालकाच्या ऑफिसातल्या क्लार्कने यादीतून कुठलं कारण निवडलं त्यावर ठरावा हे मला पटतच नाहीये. कामगाराला निदान एक मेसेज तरी यायला हवा मराठीतून, की तुमच्या नावापुढे असं लिहिलंय, मान्य आहे का. महिनाभर कोणालाच काही कळलं नाही.

प्रतिसाद: जुना_हिशेबनीस

ताई, मी बावीस वर्षं एका कारखान्यात टाईम ऑफिसला होतो, ईएसआयची मासिक फाईल मीच भरायचो. ज्याचे दिवस शून्य त्याच्यापुढे कारणाचा आकडा टाकावा लागतो. २ म्हणजे सोडून गेला, १० म्हणजे कामगार कपात, ११ म्हणजे काम नाही. बहुतेक ठिकाणी डोळे झाकून २ टाकतात कारण मग पुढच्या महिन्यात पुन्हा विचारत नाही. मी सुद्धा टाकलाय बऱ्याच वेळा, त्या आकड्याने कोणाचा भत्ता अडेल हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, तुमचं वाचून वाईट वाटलं.

आता काय करा ते सांगतो. कॉन्ट्रॅक्टरला भेटत बसू नका, थेट मूळ कंपनीच्या एचआरला लेखी द्या. ईएसआयच्या कायद्याप्रमाणे कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांचे पैसे भरायची पहिली जबाबदारी मूळ मालकाची आहे, त्यामुळे ते हात झटकू शकत नाहीत. बारा जणांनी मिळून एकच अर्ज करा, लाईन कधी बंद झाली ती तारीख घाला, आणि लेटरहेडवर दुरुस्तीचं पत्र ब्रँच मॅनेजरच्या नावे मागा. अर्ज हाताने द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्ट.

प्रतिसाद: नि_शा

अॅफिडेव्हिटचे पैसे फुकट गेले तुमचे, वाईट वाटलं! ती अट नोव्हेंबर २०२० मध्येच काढून टाकलीय. ऑनलाईन भरताना आधार आणि बँक पासबुक स्कॅन करून अपलोड केलं असेल तर कागद न्यायचीही गरज नाही, अपलोड केलं नसेल तरच सही केलेली प्रिंट आणि झेरॉक्स द्यायच्या. मालकाकडून क्लेम पुढे पाठवायचा ही अट पण त्याच वर्षी गेली. पण आमच्याकडच्या कॅफेत अजून जुनाच फॉर्म भिंतीवर चिकटवलाय. उरलेल्या पाच जणांना स्टॅम्पपेपर घेऊ देऊ नका.

प्रतिसाद: वसंत७०

रिजेक्ट झालंय ते तोंडी की लेखी? लेखी कारण मागा, त्याशिवाय वर जाता येत नाही. दर महिन्याला ईएसआयचा सुविधा समागम असतो, तक्रारी समोरासमोर ऐकतात, तारीख ब्रँचलाच विचारा. टोल फ्री नंबर १८००-११-२५२६. तिथे नाही झालं तर केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रारीच्या पोर्टलवर टाका, नंबर मिळतो आणि उत्तर द्यावं लागतं. आणि वेळ घालवू नका, वर्ष उलटू देऊ नका.

विमा नंबर दोन झालेत त्या तिघांनी दोन्ही नंबर, आधार आणि दोन्हीकडच्या स्लिपा जोडून ब्रँचला एकत्र करण्याचा अर्ज द्यायचा. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का ते आधी बघा, आमच्या एकाचं आडनाव एका नंबरवर 'व्ही' ने होतं आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू' ने, तेवढ्यावर दोन महिने गेले.

प्रतिसाद: गावाकडचा_पोऱ्या

राजीनाम्यावर सही केलीय ना मग आता काही होणार नाही, उगाच चकरा मारू नका.

प्रतिसाद: जुना_हिशेबनीस

असं सांगून लोकांना घरी बसवू नका हो. एकाच तारखेचे, एकाच मजकुराचे बारा राजीनामे हाच मोठा पुरावा आहे. ताई, ज्यांच्याकडे फोटो असेल त्यांचे जमवा आणि शेजारी शेजारी ठेवून एकाच पानावर प्रिंट काढा, बघणाऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही.

धागाकर्ती, १९ दिवसांनंतर

सगळ्यांचे खूप खूप आभार, काय झालं ते लिहिते म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

पाच जणांकडे राजीनाम्याचा फोटो निघाला. नवीन क्लेम विना स्टॅम्पपेपर भरले, घेतले कोणीही काही न बोलता. मूळ कंपनीच्या एचआरने अर्ज दोनदा परत केला, तिसऱ्यांदा स्पीड पोस्टाने पाठवला आणि पोचपावती आली तेव्हा त्यांनीच फोन केला. पत्र मिळालंय, त्यात लाईन बंद झाल्याची तारीख आणि 'काम नसल्यामुळे कमी केले' असं लिहिलंय. नंबर एकत्र करायचे तीन अर्ज ब्रँचला दिले, त्यातला एक झाला, त्याची दोन वर्षं आता भरतात. रिजेक्टचं लेखी कारण मागितलं तेव्हा त्याच बाईंनी मॅनेजरकडे नेलं आणि मॅनेजरांनी फोटोंचं ते पान बराच वेळ बघितलं, एचआरचं पत्र ठेवून घेतलं आणि क्लेम परत उघडतो म्हणाले.

भावाचं स्टेटस आज सकाळी 'अंडर प्रोसेस' दिसतंय. पैसे अजून कोणालाच आले नाहीत. पुढच्या समागमाला आम्ही नऊ जण जाणार आहोत, तिघांना दुसरीकडे काम लागलंय, त्यांना रजा मिळत नाही. त्यांच्या मधल्या बेकारीच्या दिवसांचा क्लेम त्यांच्या सहीच्या पत्रावर दुसऱ्याने दिला तर चालतो का? कोणी दिला असेल तर सांगा, आणि एचआरला लिहिलेल्या अर्जाचा मराठी मजकूर हवा असेल तर मला मेसेज करा, मी टाईप करून ठेवलाय.